कंसाबाहेरची यमुना

"विषय बदला हो नीनाताई," रेखाताई फोनवर म्हणाल्या. "नॉर्वेचं राजघराणं! आपल्या मंडळात कोण ऐकणार? त्यापेक्षा उकडीचे मोदक करून दाखवा. मागच्या गणपतीत काय तुटून पडले होते लोक!"

"विषय तोच राहू दे. नाव बदला."

"भाषणाचं?"

"माझं."

पलीकडे रेखाताईंनी किचनमधला घरघरणारा एक्झॉस्ट फॅन बंद केला.

"नीना नको," ती म्हणाली. "यमुना खासनीस असं लिहा."

"अगं बाई! आता ही यमुना कोण?"

"मीच. त्रेसष्ट वर्षं झाली."

इंग्लंडातल्या रीडिंग गावच्या मराठी मंडळात दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी 'वीस मिनिटं तुमची' असा कार्यक्रम असतो. कुणी बोन्सायवर बोलतं, कुणी हाफ मॅरेथॉनवर. एकदा एका गृहस्थांनी हीट पंपवर चाळीस मिनिटं घेतली आणि समोशांचा दगड झाला. मे महिन्याची वीस मिनिटं नीनाताईंच्या वाट्याला आली होती. मेडनहेडच्या एका केअर होममधून मागच्या वर्षी रिटायर झालेल्या, कुणाला उलटून न बोलणाऱ्या. दोन गोड गोष्टी सांगतील आणि खाली बसतील, असा कमिटीचा अंदाज.

अंदाज चुकला, त्यात कमिटीचा दोष नाही. नीनाताईंना सगळे ओळखत होते. यमुनाशी कुणाची गाठच पडली नव्हती.

नीना हे नाव तिच्या पासपोर्टवर होतं, जीपी डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर होतं, कौन्सिल टॅक्सच्या बिलावर होतं. पण ते तिला तेविसाव्या वर्षी ताटातून मिळालं होतं. चौऱ्याऐंशी साल, पुण्यातलं मंगल कार्यालय. ताटात तांदूळ पसरलेले, नवरदेव संजयरावांच्या बोटांत सोन्याची अंगठी, भोवती बायकांचा घोळका: "काय ठेवलंय? काय ठेवलंय?" संजयराव तेव्हा रीडिंगला दोन वर्षं इंजिनियर म्हणून काढून आले होते, त्यामुळे मराठी शुद्धलेखन विमानतळावरच राहिलं असावं. त्यांनी तांदळात कोरलं: निना.

"अहो, दीर्घ! दीर्घ नी!" मागून एक मावशी ओरडल्या.

संजयरावांनी वेलांटी मोडली, दुसऱ्या बाजूनं काढली. सगळे हसले, पेढे फिरले. यमुनाही हसली. शालूत गुदमरलेली नवरी आणखी काय करणार?

विचारलं तिनं नंतर, विमानात. "यमुना का नको होतं?"

"अगं, इंग्रजांच्या जिभेला नाही झेपायचं. शिवाय जुनाट वाटतं जरा. नीना कसं सुटसुटीत!"

"पण मला कुणी विचारलं नाही."

"सरप्राइज असतं ते," संजयराव कौतुकानं म्हणाले, आणि पट्टा बांधून झोपले.

इंग्रजांच्या जिभेला काय झेपतं ते तिला इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं. शेजारच्या तमिळ कुटुंबाचं सात अक्षरी आडनाव पोस्टमन फाटकात उभा राहून ठणठणीत म्हणायचा. पण तोवर शिक्के बसले होते. मग ऋजुता झाली, शाळेत मुलांना जेवण वाढणाऱ्या डिनर लेडीची नोकरी झाली, ऋजुता युनिव्हर्सिटीत गेल्यावर केअर होम. एकोणीस वर्षं छातीवर बॅज: नीना.

अकरा नंबरच्या खोलीच्या दारावर पाटी होती, 'हिल्डा'. फाइलमध्ये नोंद होती, ऐकायला कमी येतं. सकाळची मुलगी "गुड मॉर्निंग, हिल्डा!" असं ओरडून चहा ठेवायची आणि तासाभरानं तो गार चहा तसाच उचलून न्यायची. यमुनाची त्या मजल्यावर बदली झाली तेव्हा तिनं दोन दिवस हेच पाहिलं. तिसऱ्या दिवशी तिनं फाइलचं पहिलं पान वाचलं आणि दारातूनच, अगदी हळू आवाजात म्हणाली, "बोर्गहिल्ड?"

खुर्ची गर्रकन वळली.

"उशीर केलास," म्हातारी म्हणाली.

"तुम्हाला ऐकू येतं?"

"मला सगळं ऐकू येतं. हिल्डाला येत नसेल. ती बाई कोण आहे मला माहीत नाही."

यमुनानं चहा पुढे केला. म्हातारीनं आधी तिचा बॅज वाचला, मग तिचा चेहरा, मग पुन्हा बॅज.

"हे तुझं नाही."

"काय?"

"नाव. हाक मारली की तू अर्ध्या सेकंदानं वळतेस. मी दोन दिवस बघतेय. खरं काय?"

हातात ट्रे, बाहेर अजून नऊ खोल्या. का कोण जाणे, तिनं सांगून टाकलं. "यमुना."

"यामूना," म्हातारीनं तोंडात घोळवून पाहिलं. "बरं आहे की. मला झेपतं."

बोर्गहिल्ड नऊ वर्षांची असताना, एकेचाळीस साली, आईबापांबरोबर मासेमारीच्या बोटीतून नॉर्वेहून पळून आली होती. वडील लंडनमध्ये परागंदा नॉर्वे सरकारच्या कचेरीत कारकून. युद्ध संपलं, आईवडील परत गेले, ही मोठी होऊन इंग्रजाशी लग्न करून इथंच राहिली. नवरा गेला, मूलबाळ नाही. उशाशी कात्रणांची चार जाड पुस्तकं, नॉर्वेच्या राजघराण्याच्या चार पिढ्या. नखं कापून घेताना, केस विंचरून घेताना ती एकेक पान उघडायची.

"हा आमचा राजा. याचं नाव आधी कार्ल होतं. डेन्मार्कचा धाकटा राजपुत्र. एकोणीसशे पाच साली आम्ही स्वीडनपासून सुटलो. आम्हाला राजा हवा होता, म्हणून विचारणा केली."

"म्हणजे स्थळ सांगून गेलं," यमुना मराठीतच पुटपुटली, आणि मग ते इंग्रजीत समजावता समजावता दोघींची हसून पुरेवाट झाली.

सहा वर्षं हे चाललं. मागच्या वर्षी फेब्रुवारीत बोर्गहिल्ड गेली, एक्क्याण्णवाव्या वर्षी. क्रेमेटोरियममध्ये नवऱ्याकडचा एक पुतण्या, केअर होमच्या चौघीजणी, आणि प्रत्येक खुर्चीवर छापील कागद: 'आपल्या लाडक्या हिल्डाच्या स्मरणार्थ'. पाळकानं अर्ध्या तासात एकवीस वेळा हिल्डा म्हटलं. यमुना तिसऱ्या रांगेत बसून मोजत होती. मोजत होती, आणि गप्प होती. उठून एक शब्द बोलायला हवा होता, उठली नाही. आपलं काय, आपण स्टाफ, असं म्हणून मांडीवर हात ठेवून बसून राहिली.

घरी आली आणि पातेलं ओट्यावर आपटून म्हणाली, "आपण मेल्यावर हे असंच करणार."

"कोण? काय?" संजयराव टीव्हीसमोरून म्हणाले.

"माझ्या कागदावर नीना छापणार."

"मग काय छापायचं?"

त्या प्रश्नातच सगळं होतं. त्या आठवड्यात तिनं नोकरी सोडली आणि लायब्ररीत जाऊन नाव बदलायच्या डीड पोलचा फॉर्म छापून आणला. एक पान. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या, घरातले चालत नाहीत. पण चोरून, दोन अनोळखी माणसांसमोर तिला सही करायची नव्हती. ज्यांनी चाळीस वर्षं नीना म्हटलं त्यांच्यासमोर, उजेडात करायची होती. म्हणून ती वीस मिनिटं.

संजयरावांना हे सगळं रेखाताईंच्या मेसेजमधून कळलं. टोस्टवर मार्मलेड लावता लावता त्यांनी फोन नाकाशी धरला.

"'संजयराव, नीनाताई बऱ्या आहेत ना?' हे काय आहे?"

"बरी आहे म्हणून कळवा."

"अगं, त्रेसष्टाव्या वर्षी? लोकांना वाटेल आपला डिव्होर्स झाला."

"आडनाव ठेवलंय तुमचं."

"उपकार!"

"राजा सदुसष्ट वर्षांचा होता, नाही म्हणाला तेव्हा."

"कोण राजा?"

"हाकोन."

"हाकोन!" संजयरावांना आपला विनोद येताना दिसला आणि त्यांनी सुरी खाली ठेवली. "म्हणजे हाक मारली की 'कोण?' म्हणणारा!" ते एकटेच हसले. मग हसू ओसरलं. "मी काय वाईट नाव ठेवलं होतं का गं? प्रेमानं ठेवलं होतं."

"माहितीये."

"मग?"

"प्रेमानं ठेवलंत. विचारून नाही."

त्यांनी टोस्ट तसाच टाकला आणि बागेत जाऊन उगाच होसपाइप गुंडाळत बसले.

दुपारी स्टॅनमोरहून ऋजुताचा फोन. म्हणजे बागेतून फोन गेला होता.

"आई, बाबा म्हणतो तू नाव चेंज करते?"

"बाबा म्हणतात."

"बाबा म्हणतात. पण why now? माझी बर्थ सर्टिफिकेटवर नीना आहे. तन्वीच्या स्कूलमध्ये इमर्जन्सी कॉन्टॅक्ट, नीना आजी. It's a lot of admin, आई."

"तुझ्या लग्नात तू नाव बदललंस?"

"नाही. मला कुणी विचारला पण नाही."

"मला पण कुणी विचारलं नाही."

ऋजुताचं मराठी मोडकं होतं, कान शाबूत होते.

"ओह," ती म्हणाली. मग म्हणाली, "मी येते संडेला. तन्वीला पण आणते."

बुधवारी मंडळाच्या ग्रुपवर पत्रक पडलं. नॉर्वेच्या झेंड्याशेजारी गुलाबाचं फूल, आणि खाली: 'वक्त्या: सौ. नीना (यमुना) खासनीस'.

यमुनानं लगेच फोन लावला. "रेखाताई, हे काय?"

"घातलं की नाव! मधला मार्ग काढला. लोकांना कळायला नको का कोण ते?"

"मी कंसात नाही राहणार."

"अहो, एवढंसं तर आहे..."

"रेखाताई, कंसाच्या तुरुंगातून पोर बाहेर काढलं, ते न्यायला यमुना दुभंगली म्हणतात. आणि तुम्ही यमुनेलाच कंसात घालताय?"

रेखाताईंना हसू आवरेना, पण त्या अध्यक्ष होत्या. "पत्रक गेलं हो आता. श्रद्धाला सांगते, स्टेजवर बघून घे म्हणून."

श्रद्धा म्हणजे नागपूरची, तीन वर्षांपूर्वी वर्क व्हिसावर आलेली सॉफ्टवेअरवाली. मंडळाचं निवेदन ती करायची. तिला कुणी काय सांगितलं, कुणास ठाऊक. रविवारी दुपारी साडेतीन वाजता साठ खुर्च्यांच्या त्या हॉलमध्ये तिनं हातातलं कार्ड वाचलं आणि माइकमध्ये गोड आवाजात म्हणाली, "तर आता येत आहेत, आपल्या सगळ्यांच्या लाडक्या... नीनाताई खासनीस!"

टाळ्या वाजल्या. वाजत राहिल्या. विरल्या.

पहिल्या रांगेत यमुना मांडीवर हात ठेवून बसली होती. तीच बसण्याची तऱ्हा, क्रेमेटोरियमवाली. फक्त या वेळी गप्प बसण्याचा अर्थ उलटा होता.

"ऊठ ना," संजयराव दातांतल्या दातांत म्हणाले.

"मला बोलावलं नाही."

"अगं, सगळे बघतायत!"

"बघू दे."

श्रद्धानं पुन्हा कार्ड पाहिलं. "नीनाताई... आहेत ना?"

"समोर तर बसल्या आहेत," मागून कुणी म्हणालं. "ऐकू येत नाही का?"

"मला सगळं ऐकू येतं," यमुना बसल्या जागेवरून म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण हॉलच्या टोकाला चहाची भांडी लावणाऱ्या बायकांचे हात थांबले. "तुम्ही बोलवा, श्रद्धा. मी थांबते."

श्रद्धानं रेखाताईंकडे पाहिलं. रेखाताईंनी छताकडे पाहिलं. संजयरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. दहा सेकंद गेली असतील. स्टेजवरची दहा सेकंद फार लांब असतात. मग श्रद्धानं कार्ड उलटं करून टेबलावर ठेवलं.

"सॉरी हो, मी चुकीचं वाचलं," ती म्हणाली. "यमुनाताई खासनीस. या ना."

टाळी एकटीच वाजली, मागच्या दाराशी उभ्या ऋजुताची. यमुना उठली, पदर खोचला आणि दोन पायऱ्या चढली.

पडद्यावर फोटो आला. बोटीच्या डेकवर एक उंच, काटकुळा, मिशीवाला माणूस, आणि त्याच्या कडेवर दोन वर्षांचं पोर.

"हा नवा राजा," ती म्हणाली. "नोव्हेंबर एकोणीसशे पाच. आपल्या भाषेत सांगायचं तर हा गृहप्रवेश. नवीन घर, नवीन भाषा, आणि नवीन नाव. कार्ल निघाला होता, हाकोन होऊन उतरला. कडेवरचं पोर आपल्या इथलंच, नॉर्फकमध्ये जन्मलेलं. त्याचं नाव अलेक्झांडर होतं, ते झालं ओलाव."

"म्हणजे सूनच की हो!" कुणीतरी बायकांमधून म्हणालं. हशा पिकला.

"मलाही तेच वाटलं. पण जिच्याकडून मी हे ऐकलं त्या बोर्गहिल्डनं मला थांबवलं. म्हणाली, आधीचं ऐक. नॉर्वेच्या पार्लमेंटनं याला बोलावलं तेव्हा हा म्हणाला, असं नाही येणार. लोकांना विचारा. मी त्यांना हवा आहे का, मत घ्या. मत घेतलं. पाचांतले जवळजवळ चार हो म्हणाले, तेव्हा बोटीत बसला."

"बायकांनीही दिलं मत?"

"नाही. बायकांना मत मिळायला अजून आठ वर्षं होती." ती क्षणभर थांबली. "विचारायची सुरुवात कधीच पूर्ण नसते. पण सुरुवात केली."

मागच्या रांगेतले जठारकाका खाकरले. जठारकाका प्रत्येक भाषणात खाकरायचे. "एक पॉइंट आहे. त्या राजानं नाव बदललं, आनंदानं बदललं. मग आपल्याकडे बायकांनी बदललं तर एवढं काय बिघडलं?"

संजयरावांनी मान वर केली. हा प्रश्न त्यांनीच पढवला होता की काय, अशी शंका यावी इतक्या उत्सुकतेनं.

"काका, त्यानं ते नाव स्वतः घेतलं. कुणी त्याच्या पुढ्यात ताट ठेवून लिहिलं नाही. आणि तुम्ही एक विसरलात. त्याची बायको." पडद्यावर बारीक कमरेची, ताठ मानेची बाई आली. "मॉड. इंग्लंडच्या राजाची मुलगी. नवऱ्याचं नाव बदललं, पोराचं बदललं. ही मॉडची मॉड. मॉड म्हणून मुकुट घातला, मॉड म्हणूनच गेली. नॉर्वे काही बुडालं नाही."

या वेळी हशा बायकांच्या बाजूनं उठला आणि पुरुषांकडे जरा उशिरा पोचला. जठारकाका वहीत काहीतरी लिहू लागले.

तिला आता वीस मिनिटांची पर्वा राहिली नव्हती. एप्रिल एकोणीसशे चाळीस. जर्मन सैन्य शिरलेलं, राजा राजधानी सोडून गावोगाव फिरतोय, आणि जर्मनांचा निरोप: आमचा माणूस पंतप्रधान नेमा, सगळं सुरळीत होईल. तिनं आवाज खाली आणला, तसा हॉल पुढे झुकला.

"राजानं मंत्र्यांना बोलावलं. म्हणाला, निर्णय तुमचा. तुम्ही हो म्हटलंत तर मी अडवणार नाही. पण मला ते जमणार नाही. मी गादी सोडीन. सदुसष्ट वर्षांचा माणूस. मंत्री नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी तो होता त्या गावावर विमानं आली, आणि राजा बर्फातून जंगलात पळाला. पुढे जूनमध्ये इंग्लंडला आला. राहिला कुठं माहितीये? शेवटची तीन वर्षं विंकफील्डजवळ. आपण दिवाळीचं सामान घ्यायला जातो ना, त्या रस्त्यावरून आत वळलं की आलंच."

"काय सांगता!" रेखाताई म्हणून गेल्या.

"तिकडे नॉर्वेत लोक भिंतींवर, बर्फात एक अक्षर आणि एक आकडा काढायचे. H आणि त्याच्या मध्ये 7. सातवा हाकोन. त्या एवढ्याशा खुणेपायी पकडायचे त्यांना. पस्तीस वर्षांपूर्वी बाहेरून घेऊन आलेलं नाव, आणि लोक त्याच्यासाठी तुरुंगात जातायत. का? तर तो त्यांना विचारून आला होता, आणि वेळ आली तेव्हा त्यांच्या वतीनं नाही म्हणाला."

पुढचं तिनं भराभर सांगितलं. कडेवरचं ते पोर, ओलाव, म्हातारा राजा झाल्यावर पेट्रोलटंचाईत स्कीज खांद्यावर टाकून ट्रेननं गेला. त्याचा मुलगा हाराल्ड कापड दुकानदाराच्या मुलीसाठी नऊ वर्षं अडून बसला: ही नसेल तर कुणीच नको, घराणं माझ्यापाशी संपलं तरी चालेल.

"आणि संपलं नाही," ती म्हणाली. "नव्वद साली कायदा बदलला. आता पहिलं मूल, मुलगा असो की मुलगी. हाराल्डची नात वीस वर्षांची आहे. तिच्या बापानंतर तीच. राजाची राणी म्हणून नाही, स्वतःची राणी म्हणून."

मागून बारीक आवाज आला, सात वर्षांच्या तन्वीचा. "आजी, तिची नाव काय?"

"तिचं," ऋजुतानं दबक्या आवाजात दुरुस्त केलं, आणि तीच चकित झाली.

"इंग्रिड. आणि बाळा, ते कुणी बदलणार नाही."

एकोणतीस मिनिटं झाली होती. यमुना खाली उतरली नाही. पर्समधून घडी घातलेला कागद काढून तिनं माइकच्या स्टँडवर सरळ केला.

"अजून एक मिनिट. हा फॉर्म आहे. मला दोन साक्षीदार हवेत, घरचे नकोत. चहा घेता घेता कुणी सही केली तर बरं. नाही केली तरी मी शोधीन. इंग्लंड मोठं आहे."

चहाच्या टेबलापाशी गर्दी झाली ती फॉर्म वाचायला. श्रद्धानं पेन काढलं, आणि काढताना म्हणाली, "यमुनाताई, माझ्या सासूबाईंनी माझं नाव श्रेया ठेवलंय. फक्त पत्रिकेवर आहे, म्हणून मी काही बोलले नाही."

"बोल," यमुना म्हणाली. "पत्रिकेवरून पासपोर्टवर जायला वेळ लागत नाही."

संजयराव समोशाची बशी घेऊन कोपऱ्यात उभे होते. जठारकाकांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "काय संजयराव! आता बायकोला हाक काय मारणार?"

सगळ्यांना ऐकू जाईल असं हसून संजयराव म्हणाले, "अहो, चाळीस वर्षांत मी हिला नावानं हाक मारलीये कुठं? 'अगं'वर संसार झाला आमचा!"

छान टाळी घेणारं वाक्य होतं. लोक हसलेही. यमुना हसली नाही. ती वळली आणि अगदी घरातल्या आवाजात म्हणाली,

"मग बदललंत कशाला?"

हसू जागच्या जागी थांबलं. संजयरावांनी बशीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. सुटसुटीतपणा, सरप्राइज, इंग्रजांच्या जिभा, सगळी कारणं शोधून झाली असावीत. चाळीस वर्षांत त्या नावाचा त्यांना काहीच उपयोग झाला नव्हता.

ती टेबलापाशी बसली. फॉर्मवर दोन्ही नावांनी सह्या करायच्या होत्या, सोडायच्या नावानं आणि धरायच्या नावानं. 'नीना'ची सही सरसर आली, चेकबुकं आणि टाइमशीटं भरून गुळगुळीत झालेली. दुसरीला वेळ लागला. कॉलेजच्या हजेरीपटानंतर हात तिकडे फिरला नव्हता. एम जरा वाकडा आला.

"हे काय लिहिलंय?" संजयराव मागे येऊन उभे होते. चष्मा वर करून ते फॉर्म वाचत होते. "'आधीच्या नावाचा पूर्णपणे त्याग करते'? त्याग? एवढा जड शब्द?"

"इंग्रजीत त्यासाठी तीन शब्द आहेत. तुम्ही एकच वाचलात."

श्रद्धानं सही केली. दुसऱ्या ओळीपाशी पेन जरा वेळ तसंच राहिलं. मग रेखाताई गर्दीतून पुढे आल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "द्या इकडे. अध्यक्षांनीच पत्रक चुकवलं, अध्यक्षांनीच निस्तरावं." सही करून झाल्यावर त्या थबकल्या. "यमुनाताई, गणपतीत मोदक मात्र..."

"नाही," यमुना म्हणाली. "या वर्षी तुम्ही करा. मी खायला येते."

हॉल रिकामा होऊ लागला. ऋजुता तन्वीला कोट चढवत होती. संजयराव गाडीची चावी बोटाभोवती फिरवत जरा अंतरावर उभे राहिले.

"मला राग आलाय," ते म्हणाले.

"येऊ दे."

"लवकर जाणार नाही तो."

"नको जाऊ दे."

मग ते चावी पुढे करून म्हणाले, "अगं..." आणि तिथंच अडखळले. पुढचा शब्द त्यांना येत होता. जिभेवर दिसत होता. पण तो बाहेर आला नाही, आणि तिनंही तो हात धरून बाहेर काढला नाही. तो त्यांचा त्यांनी काढायचा होता.

"निघायचं ना?" ते शेवटी म्हणाले.

"निघायचं." तिनं कागदावर हळूच फुंकर घातली. "सही वाळू दे."